गर्भ डावं-उजवं कधी करतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचना शिकवते. भ्रूणविज्ञानाच्या तासाला दरवर्षी ठरावीक प्रश्न येतात, आणि धंतोलीतल्या मैत्रिणीच्या सोनोग्राफी क्लिनिकमध्ये बाकावर बसलेल्या बायकांकडून त्याहून चांगले येतात. दोन्हीकडचे इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे खरी गंमत आहे.

बाहेरून तर माणूस दोन्हीकडे सारखाच दिसतो. मग आत डावं-उजवं कशाला?

कातडीच्या आत शिरलं की सारखेपणा संपतो. हृदयाचं टोक डावीकडे, यकृत उजवीकडे, जठर आणि प्लीहा (पानथरी) डावीकडे. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. महाधमनीची कमान डावीकडे वळते. सुमारे सहा मीटर लांबीचं लहान आतडं पोटात बसवायचं, तर ते वेटोळं करूनच बसवावं लागतं, आणि वेटोळं म्हटलं की कोणत्या तरी एका बाजूने वळावंच लागतं.

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मुलं ते हमखास एकात एक मिसळतात. एक, अवयव वाकडे का होतात? दोन, सगळ्यांचे एकाच बाजूला का वाकतात? पहिला जागेचा प्रश्न आहे. दुसरा दिशेचा, आणि हे पान मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

हृदय उजवीकडे असलेली माणसं खरंच असतात का?

असतात. माझा एक काका आहे, काटोलकडे त्याची संत्र्याची बाग. एकसष्टाव्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी त्याच्या छातीचा फोटो काढला. तंत्रज्ञाने फिल्म उजेडावर धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. शिशाचं ते छोटं ‘आर’ अक्षर आपण चुकीच्या बाजूला ठेवलं असं समजून त्याने फोटो परत काढला. तोच निकाल. मग ईसीजी काढला तर पहिल्या लीडमधली रेघ उलटी. दोन्ही हातांच्या वायर अदलाबदल झाल्या की अशीच उलटी येते, म्हणून वायर तपासून तोही दुसऱ्यांदा काढला. काका शांतपणे म्हणाला, “मले तं काहीच होत नाही बाप्पा, तुमचीच मशीन उलटी असन.”

मशीन ठीक होती. काकाचे आतले सगळेच अवयव आरशातल्यासारखे उलट आहेत. याला साइटस इन्व्हर्सस म्हणतात, आणि साधारण दहा हजारांत एकाला ते असतं. मॅथ्यू बेली या ब्रिटिश डॉक्टरने १७८८ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. सगळंच्या सगळं उलटं असेल तर नळ्या एकमेकींना बरोबर जुळतात, त्यामुळे बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

हे गर्भात कधी ठरतं?

फार लवकर. गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात दिशा ठरते आणि बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी हृदयाची नळी वळायला लागते. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून दिवस मोजतात, त्या हिशेबाने हा पाचवा-सहावा आठवडा. म्हणजे पाळी चुकली म्हणून बाई मेडिकल स्टोअरमधून किट आणते, तेव्हा आत डावं-उजवं ठरत तरी असतं किंवा ठरून गेलेलं असतं.

पण डावं कोणतं हे गर्भाला कळतं कसं? त्याला कोण सांगतं?

नागपूरच्या झिरो माईलच्या खांबापाशी उभ्या असलेल्या माणसाला मी फोनवर ‘डावीकडे वळा’ म्हटलं, तर तो आधी विचारेल, ‘तोंड कुणीकडे करून?’ उत्तर-दक्षिण बाहेरून ठरलेली असते, डावं-उजवं तसं नसतं. वर कुठे आणि समोर कुठे हे माहीत झाल्यावरच डावं सांगता येतं.

भ्रूणाचंही तसंच. आधी डोकं-शेपटी ठरते, पाठ-पोट ठरतं. एवढं झालं की उरलेल्या दोन बाजू आपोआप तयार होतात. पण त्यांतली डावी कोणती? दोन्ही तंतोतंत सारख्या आहेत. गुरुत्वाकर्षण मदत करत नाही, आईचं शरीरही नाही.

१९९० मध्ये नायजेल ब्राउन आणि लुईस वोलपर्ट यांनी यावर एक सुरेख तोडगा मांडला. समजा, इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या आकाराचा एखादा रेणू आहे. त्याचा दांडा डोकं-शेपटीच्या रेषेत ठेवला आणि दर्शनी बाजू पोटाकडे केली, तर त्याचे हात आपसूक एकाच बाजूला येतील. मग बाहेरून कोणी सांगायची गरज नाही, रेणूचा स्वतःचा आकारच दिशा सांगेल. अशी वस्तू फक्त आरशातल्या प्रतिमेपेक्षा वेगळी असायला हवी, जसा डाव्या पायाचा जोडा उजव्या पायात जात नाही. तेव्हा हा नुसता तर्क होता. आठ वर्षांनी उंदराच्या भ्रूणात प्रत्यक्ष काहीतरी सापडलं, आणि ते होतं फिरणारी शेपटी.

फिरणारी शेपटी म्हणजे?

उंदराचं भ्रूण साडेसात-आठ दिवसांचं असताना त्याच्या पोटाकडच्या पृष्ठावर, मध्यरेषेवर, एक छोटा खड्डा दिसतो. त्याला नोड म्हणतात. त्यात दोनशे-तीनशे पेशी, आणि जवळपास प्रत्येक पेशीवर एकच बारीक केस, पक्ष्माभिका. लांबी साधारण मिलिमीटरचा दोनशेवा भाग. हे केस पोटाच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गरगर फिरतात, मिनिटाला सुमारे ६०० फेरे.

आता वर्गातला नेहमीचा खोचक प्रश्न: गोल फिरणाऱ्या केसाने भोवरा होईल, एका बाजूला प्रवाह कसा वाहील? बरोबर आहे. केस सरळ उभा असता तर भोवराच झाला असता. पण तो शेपटीच्या बाजूला कललेला असतो. त्यामुळे अर्धा फेरा तो उभ्याने, द्रवातून मोकळा मारतो, आणि उरलेला अर्धा फेरा तळाला घासत परत येतो. तळालगतचा द्रव तळाला चिकटून राहतो, त्यामुळे परतीचा फेरा फारसं काही ढकलत नाही. मोकळा फेरा डावीकडे जाणारा असतो, म्हणून एकूण प्रवाह डावीकडे.

मी हे ट्रेमध्ये ग्लिसरीन ओतून, वर चिमूटभर हळद टाकून दाखवते. पेन तिरपं धरायचं आणि गोल फिरवायचं. हळदीचे कण दर फेऱ्याला थोडे पुढे, त्याहून कमी मागे, असं करत हळूहळू एका काठाला जातात. पाण्यात हा प्रयोग फसतो, कारण हात थांबला तरी पाणी हिंदकळतच राहतं. इतक्या बारीक केसाला मात्र साधा द्रवसुद्धा मधासारखा जड लागतो. केस थांबला की प्रवाहही त्या क्षणी थांबतो.

केस घड्याळाच्याच दिशेने का फिरतात?

कारण त्यांचं यंत्रच तसं जुळवलेलं आहे. प्रत्येक केसात सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या गोलाकार मांडलेल्या असतात आणि त्यांच्यावर डायनीन या प्रथिनाचे हात एकाच रोखाने बसवलेले असतात. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात, आणि आपल्या शरीरातल्या प्रथिनांतली अमिनो आम्लं एकाच ‘हाताची’ असतात, त्यांची आरशातली जोडीदार त्यांत नसतात. हृदय डावीकडे का, हा प्रश्न खणत गेलं की शेवटी रेणूंच्या घडणीपाशी जाऊन थांबतो. मला तरी शरीरशास्त्रात याहून लांब पल्ल्याचं दुसरं उत्तर माहीत नाही.

प्रवाहामुळेच दिशा ठरते, याला पुरावा काय?

तीन प्रयोग सांगते.

१९९८ मध्ये टोकियोत नोबुताका हिरोकावांच्या प्रयोगशाळेत केआयएफ-३-बी हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या नोडवर केसच उगवले नाहीत, प्रवाह नाही, आणि हृदय कधी उजवीकडे वळलं, कधी डावीकडे.

दुसरा प्रयोग खरं तर निसर्गाने करून ठेवला होता. १९५९ पासून प्रयोगशाळांत उंदरांचा एक वाण माहीत होता, ज्याची जवळपास निम्मी पिल्लं उलट्या अवयवांची निघतात. अनेक वर्षांनी कळलं की त्यांच्यात डायनीनचंच एक जनुक बिघडलेलं आहे. केस आहेत, पण हलत नाहीत.

तिसरा माझा सगळ्यात आवडता. २००२ मध्ये शिगेनोरी नोनाका, हिरोशी हमादा आणि सहकाऱ्यांनी उंदराची भ्रूणं बाहेर वाढवली आणि त्यांच्यावरून पंपाने द्रव सोडला. उजवीकडे जोरात प्रवाह सोडला तर धडधाकट भ्रूणाचंही डावं-उजवं उलटलं. केस न हलणाऱ्या भ्रूणांत तर पंप म्हणेल ती दिशा.

पुढे असंही दिसलं की फिरणारे दोन केससुद्धा पुरतात. बाकीचे शेकडो बहुधा खात्रीसाठी.

माणसाच्या भ्रूणात हे चालू असताना कुणी पाहिलेलं नाही. उंदरांवरचे प्रयोग आणि खाली सांगितलेले रुग्ण, या दोन्हींवरून आपण ते जोडलं आहे. कोंबडीच्या भ्रूणात पद्धत वेगळी आहे: तिथे केसांचा प्रवाह नसतो, नोडभोवतीच्या पेशीच डावीकडे सरकतात.

प्रवाह डावीकडे वाहिला, बरं. पण तो ओळखतं कोण?

खड्ड्याच्या काठावरच्या पेशी. त्यांच्यावरही केस असतात, पण ते फिरत नाहीत. ते ‘हात लावून बघणारे’ केस आहेत. प्रवाह त्यांना वाकवतो की त्यातून काही रसायन वाहून आणतो, यावर वीसेक वर्षं वाद चालला. २०२३ मध्ये दोन गटांनी, एकाने झेब्राफिशमध्ये आणि एकाने उंदरात, लेझरच्या चिमट्याने हे स्थिर केस हलवून पाहिले. नुसत्या धक्क्याने पेशीत कॅल्शियमचे संकेत उठले. वाकवण्याचं पारडं तेव्हापासून जड आहे.

पुढे काय होतं?

डाव्या काठावर ‘नोडल’ नावाचं प्रथिन वरचढ होतं. ते स्वतःचंच उत्पादन वाढवतं, म्हणून ठिणगी लहान असली तरी वणवा मोठा होतो. सोबतच ते ‘लेफ्टी’ नावाच्या प्रथिनालाही जागं करतं, आणि लेफ्टी नोडललाच आवर घालतं. लेफ्टी लांबवर पसरतं, मध्यरेषेवरही उभं राहतं, त्यामुळे वणवा उजवीकडे जात नाही. डाव्या बाजूला मग ‘पिट-एक्स-२’ हे जनुक चालू होतं आणि नोडल ओसरल्यावरही चालू राहतं. अवयव घडत असताना डाव्या बाजूच्या पेशींना ‘तू डावी’ ही आठवण राहते, ती याच्यामुळे.

अवयव प्रत्यक्षात वळतात कसे?

हृदय सुरुवातीला मध्यावर एक सरळ नळी असतं. दोन्ही टोकं बांधलेली, आणि नळी मात्र लांबत चाललेली. मग ती वाकणारच. ती उजवीकडे वाकते. हो, उजवीकडे! परीक्षेत इथे निम्मा वर्ग चुकतो. आधी नळीचा फुगवटा उजवीकडे जातो आणि पुढच्या घडामोडींत हृदयाचं टोक डावीकडे येतं.

आतड्याची गोष्ट त्याहून भारी. सहाव्या आठवड्यात पोटात जागा पुरत नाही म्हणून आतड्याचा वेढा चक्क नाळेत जाऊन बसतो, आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत येतो. या जाण्या-येण्यात तो समोरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने एकूण २७० अंश फिरतो. म्हणून अपेंडिक्स खाली उजवीकडे सापडतं.

हे सगळं बिघडलं तर?

प्रवाह नसला म्हणून अवयव सरळ राहत नाहीत. हृदयाची नळी तरीही लांबणार, वाकणारच. फक्त कोणत्या बाजूला, हे नाणं उडवून ठरल्यासारखं होतं. छाप पडला तर सगळं नेहमीसारखं. काटा पडला तर सगळं उलट, माझ्या काकासारखं.

खरा त्रास तिसऱ्या प्रकारात आहे: शरीराचा एकमेळ होत नाही आणि काही अवयव एका बाजूचे, काही दुसऱ्या बाजूचे होतात. याला हेटरोटॅक्सी म्हणतात. कधी दोन्ही बाजू ‘उजव्या’ होतात: दोन्ही फुप्फुसांना तीन-तीन खंड आणि प्लीहा नाहीच. कधी दोन्ही ‘डाव्या’: दोन-दोन खंड आणि लहान लहान प्लीहा अनेक. या मुलांत हृदयाचे गंभीर दोष फार आढळतात, कारण हृदयात डावीकडची नळी डावीकडेच जुळावी लागते.

हृदय उजवीकडे आणि बारा महिने सर्दी, याचा काही संबंध आहे?

असू शकतो, म्हणून प्रश्न चांगला आहे. १९३३ मध्ये झुरिकच्या मानेस कार्टाजेनर यांनी असे रुग्ण एकत्र मांडले: अवयव उलटे, सायनस कायम भरलेले, श्वासनलिका फुगून खराब झालेल्या. तिन्हींचा संबंध काय, हे चाळीसेक वर्षं कोडंच होतं. १९७६ मध्ये स्वीडनच्या ब्योर्न आफझेलियस यांनी दाखवलं की अशा लोकांच्या पेशींवरच्या या बारीक केसांत डायनीनचे हात नसतात. श्वासनलिकेतले केस कफ बाहेर ढकलत नाहीत, शुक्रजंतूची शेपटी हलत नाही म्हणून मूल होण्यात अडचण येते, आणि भ्रूणातले केस फिरत नाहीत म्हणून डावं-उजवं नशिबावर. प्रवाह कुणी पाहण्याआधी दोन दशकं त्यांनी हा अंदाज बांधला होता.

हिशेबही जुळतो: या आजाराच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचे अवयव उलटे असतात, निम्म्यांचे नसतात. जन्मल्यापासून नाक वाहतंय, ओला खोकला हटत नाही आणि अवयवही उलटे, असं मूल असेल तर ‘नागपूरची धूळ आहे, होतंच’ म्हणून सोडू नका. छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टर डाव्या कुशीवर झोपायला सांगतात. त्याने बाळाच्या डाव्या-उजव्यावर परिणाम होतो का?

नाही. तो सल्ला शेवटच्या तीन महिन्यांसाठी असतो, आणि डावं-उजवं त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. उताणं झोपलं की जड गर्भाशय मणक्याच्या उजव्या अंगाने जाणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देतं. कुशीवर झोपल्याने तो सुटतो. झोपेत कूस बदलली तर घाबरायचं काही नाही.

आमची आजी म्हणते, उजव्या अंगाला गर्भ असला तर मुलगा.

मुलगा की मुलगी हे शुक्रजंतू बीजाला भेटतो त्याच क्षणी ठरतं. तेव्हा भ्रूणाला डावं-उजवं सोडाच, डोकं-शेपटीही नसते. गर्भाशयाची पोकळीही एकच असते, तिच्यात मुलांची खोली वेगळी नाही. आणि हे सोनोग्राफीवाल्यांना विचारू नका. १९९४ च्या कायद्याने सांगणंही गुन्हा आहे, विचारणंही.

ग्रहणात भाजी चिरली तर?

भाजी चिरली जाते.

मूल डावखुरं असलं तर आतलं काही उलटं असतं का?

नाही. अवयव उलटे असलेल्या लोकांत डावखुऱ्यांचं प्रमाण तपासलं गेलं आहे. पेशींवरच्या केसांच्या त्याच आजाराच्या, पण सरळ अवयवांच्या लोकांशी तुलना केली, तर फरक दिसत नाही. माझा काका उजव्या हातानेच संत्री तोडतो. मेंदूचं डावं-उजवं वेगळ्या वाटेने ठरतं.

जुळ्यांत एक दुसऱ्याचा आरसा असतो म्हणतात.

केसांचा भोवरा, लिहिता हात अशा बाबतींत काही जुळी एकमेकांच्या उलट दिसतात, पण त्यांचे आतले अवयव सहसा सरळच असतात. चिकटून जन्मलेल्या जुळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांतल्या उजव्या बाजूच्या बाळाचे अवयव बरेचदा उलटे असतात. १९१९ मध्ये हान्स स्पेमान आणि फाल्केनबर्ग यांनी न्यूट या पाणसरड्यासारख्या प्राण्याचं भ्रूण केसाच्या फासाने मधोमध आवळून जुळी केली. डावं पिल्लू नेहमी सरळ निघालं, उजव्याचं निम्म्या वेळा उलटं. 

दक्षिणावर्ती शंखाचं पण असंच असतं का?

तत्त्व तेच, यंत्रणा वेगळी. गोगलगायींत वळण पहिल्या काही पेशीविभाजनांतच ठरतं, आणि तेही पिल्लाच्या नव्हे तर आईच्या जनुकांवरून. १९२३ मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी ते ओळखलं. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचं एकच जनुक काढून टाकून उजवी वेटोळी डावी करून दाखवली.

इतवारीत शंख घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट: आपण ज्याला दक्षिणावर्ती म्हणतो, त्याला जीवशास्त्रज्ञ डावा म्हणतात, कारण ते शंखाचं टोक वर धरून बघतात. खरा दक्षिणावर्ती फार दुर्मीळ. अमेरिकेच्या किनाऱ्यावर मात्र एक वेगळ्याच जातीची गोगलगाय आहे, जिचं कवच जन्मतः डावं असतं. तेच ‘दक्षिणावर्ती’ म्हणून गळ्यात मारलं जातं.

हे आनुवंशिक असतं का? पुढच्या बाळाला होईल?

काही घरांत. पेशींवरच्या केसांचा तो आजार बहुतेक वेळा अशा प्रकारे येतो की आई-बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक मिळालं तरच होतो, आणि मग प्रत्येक बाळाला चारांत एक शक्यता असते. आपल्याकडे मामेबहीण-आतेभावाची लग्नं होतात, तिथे ही गाठ पडण्याची शक्यता वाढते. आईला गरोदरपणाआधीपासून मधुमेह असेल तर हेटरोटॅक्सीचा धोका वाढतो, म्हणून साखर दिवस राहण्याआधीच आटोक्यात हवी. पाळी चुकल्यावर सुरुवात केली तर तो तिसरा आठवडा हातचा गेलेला असतो. बाकी आईने काय खाल्लं, कुठे पडली, कशाला घाबरली, याच्याशी संबंध नाही. सासूबाईंनाही हे वाचायला द्या.

सोनोग्राफीत दिसतं का? दिसलं तर काय करायचं?

अठरा ते वीस आठवड्यांच्या स्कॅनमध्ये जठर आणि हृदय एकाच बाजूला आहेत ना, ते बघतात. दोन्ही उजवीकडे असतील तर बहुधा काकासारखं. एक इकडे, एक तिकडे असेल तर काळजीचं, आणि मग बाळाच्या हृदयाची वेगळी इको तपासणी करून घ्यावी. जन्मानंतर बाळाला हिरवी उलटी झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मेडिकल, मेयो, एम्स, नागपुरातलं जे मोठं रुग्णालय जवळ असेल तिथे तडक न्या. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि त्यात काही तासच हातात असतात. प्लीहा नसलेल्या बाळाला न्यूमोकोकसची लस हवीच, आणि त्याचा साधा तापही साधा समजायचा नाही.

माझंच हृदय उजवीकडे आहे. मी काय लक्षात ठेवू?

प्रत्येक नव्या डॉक्टरला, पोट दुखत असताना तर सगळ्यात आधी, हे सांगा. सगळेच अवयव उलटे असतील, तर तुमचं अपेंडिक्स खाली डावीकडे आहे, पित्ताशय वर डावीकडे. ईसीजीच्या छातीवरच्या लीड उजव्या बाजूला लावायला सांगा. एकदा हृदयाची इको करून घ्या. काकाने त्याच्या फोटोची छोटी प्रत लॅमिनेट करून पाकिटात ठेवली आहे, आणि वर बॉलपेनने लिहिलंय: ‘फोटो बरोबर आहे, परत काढू नये.’